खेळ हवा, वाहिनी नको

केबलचे पैसे घ्यायला माणूस दारात आला की हल्ली अनेक घरांतून एक वाक्य ऐकू येते, "ते खेळाचे चॅनेल तेवढे काढून टाका." विश्रामबागच्या कॉलन्यांत, मिरजेच्या मोहल्ल्यांत, कुपवाडच्या कामगार वस्तीत, सगळीकडे हेच. काही घरांनी तर डिशचा रिचार्जच बंद केला आहे. छत्री गच्चीवर आहे, तिच्यावर कबुतरे बसतात, आणि खाली हॉलमधला टीव्ही इंटरनेटवर चालतो किंवा चालतच नाही.

हे आपल्या गावापुरते नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, दर तीन महिन्यांनी डिशच्या ग्राहकांचे आकडे देते. मार्च २०२४ मध्ये पैसे भरून डिश पाहणारे सुमारे ६ कोटी १९ लाख ग्राहक होते. मार्च २०२५ मध्ये ते ५ कोटी ६९ लाखांवर आले. एका वर्षात पन्नास लाख घरे कमी झाली. खेळाच्या वाहिन्या याच जोडण्यांवर जगतात. जोडणी तुटली की वाहिनीही गेली.

मग लोकांना खेळाचा कंटाळा आला का? तसे म्हणता येत नाही. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला. त्या एका अंतिम सामन्यासाठी जिओहॉटस्टार या ॲपवर सुमारे साडेअठरा कोटी लोक आले, असे आयसीसीने जाहीर केले. खेळाची भूक शाबूत आहे. लोक उठून जात आहेत ते वाहिनीसमोरून. ते का, आणि त्यात आपल्या घरांचे काय जाते, याचा हा हिसाब.

एका टीव्हीभोवतीचा मोहल्ला

आपल्या भागात खेळ आधी कानाने पाहिला गेला. सांगलीचे आकाशवाणी केंद्र १९६३ मध्ये सुरू झाले. बाळ ज. पंडितांच्या मराठी समालोचनाने ज्यांना इंग्रजीचा गंध नव्हता त्यांनाही स्लिप, गली आणि मिडऑन समजावले. १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या सुमारास रंगीत टीव्ही आला. २५ जून १९८३ ला कपिलदेवच्या संघाने लॉर्ड्सवर विश्वचषक उचलला. पाठोपाठ अब्दुल रहमान बुखातिर यांनी शारजाच्या वाळवंटात क्रिकेट उभे केले. १८ एप्रिल १९८६ ला शेवटच्या चेंडूवर मियाँदादने मारलेला षटकार आजही घराघरांतले बुजुर्ग हात उंचावून दाखवतात. कुणी हळहळत सांगतो, कुणी हसत, पण आठवण सगळ्यांची एकच असते.

त्या काळी मोहल्ल्यात टीव्ही दोन-चार. ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या घरी सामन्याच्या दिवशी चपलांचा ढीग. बायका स्वयंपाकघराच्या दारातून धावसंख्या विचारत. मगरिबची अजान झाली की आवाज बंद होई आणि नमाज संपवून पुरुष मंडळी पुन्हा जागा धरत. हिंदू शेजारी, मुस्लिम शेजारी, सगळे एकाच सतरंजीवर. सामना पाहण्याचे वेगळे पैसे कुणाला ठाऊक नव्हते.

खासगी वाहिन्या आल्या तेव्हाही हे लगेच मोडले नाही. ईएसपीएन १९९५ च्या सुमारास भारतात आली, पुढच्याच वर्षी तिने स्टारशी हात मिळवला. २००२ मध्ये बुखातिर यांच्याच कंपनीची टेन स्पोर्ट्स आली. केबलवाला महिन्याला एक ठरावीक रक्कम घेई आणि त्यात सगळेच येई: बातम्या, मालिका, कार्टून, खेळ. घराला वाटे, खेळ फुकटच आहे. किंमत होतीच, पण ती एकाच रकमेत दडलेली होती.

किंमत उघडी पडली

१ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायची नवी दरव्यवस्था लागू झाली. हेतू चांगला होता. ग्राहकाने जे पाहायचे त्याचेच पैसे भरावेत, आणि प्रत्येक वाहिनीची किंमत छापील असावी. पण त्या दिवशी पहिल्यांदा घराघराला कळले की खेळ ही बिलातली महागातली बाब आहे. बातम्यांच्या कित्येक वाहिन्या रुपया-दोन रुपयांत किंवा फुकट होत्या. स्टार स्पोर्ट्स १ हिंदी मात्र महिन्याला १९ रुपये, सोनी टेन १ सुद्धा १९ रुपये.

आता वहीत मांडून पाहू. जोडणी चालू ठेवण्याचे मूळ शुल्क तेव्हा १३० रुपये, १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. खेळाच्या या दोन वाहिन्या करासह ४४ रुपये ८४ पैसे. महिना १९८ रुपये २४ पैसे, म्हणजे वर्षाला जवळजवळ २,३८० रुपये. यात अम्मीची मालिका नाही, मुलांचे कार्टून नाही. आणि सामना पाहायचा असतो वर्षातले ठरावीक दिवसच. आयपीएल दोन महिने, एखादी मोठी स्पर्धा, दोन-तीन मालिका. बाकीच्या महिन्यांत त्याच वाहिनीवर जुने सामने पुन:पुन्हा फिरत असतात आणि पैसे मात्र पूर्ण.

ही किंमत का वाढते, हेही समजून घ्यायला हवे. २०१८ ते २०२२ या पाच वर्षांचे आयपीएलचे हक्क १६,३४७ कोटी ५० लाखांना गेले होते. २०२३ ते २०२७ साठी तीच रक्कम ४८,३९० कोटी झाली. भारतात टीव्हीवर एक सामना दाखवण्याचे साडेसत्तावन्न कोटी आणि इंटरनेटवर दाखवण्याचे पन्नास कोटी. एवढा पैसा वसूल होणार दोनच वाटांनी, आपल्या खिशातून किंवा आपल्या वेळेतून. खिशातून म्हणजे वर्गणी आणि वेळेतून म्हणजे जाहिराती. वाहिन्यांनी दोन्ही वाटा धरल्या.

त्यातच २०२३ मध्ये जिओसिनेमाने अख्खी आयपीएल मोबाइलवर फुकट दाखवली. त्याच वर्षी डिस्ने हॉटस्टारने आशिया चषक आणि विश्वचषक मोबाइलवर फुकट ठेवला. जो सामना खिशातल्या यंत्रात विनामूल्य दिसतो, त्यासाठी वाहिनीचे पैसे भरणे कोणत्या घराला परवडेल? अनेकांनी त्याच वर्षी खेळाचा पॅक काढला. नोव्हेंबर २०२४ मध्ये या दोन्ही कंपन्यांचे विलीनीकरण झाले, फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार आले आणि फुकटचा काळ संपला. मोबाइलवर पाहायचे तर तीन महिन्यांना १४९ रुपये. ही रक्कम डिशपेक्षा कमीच होती, त्यामुळे गेलेला प्रेक्षक वाहिनीकडे परतला नाही.

आज सामना कुठे आहे?

पैशांइतकीच दुसरी डोकेदुखी म्हणजे सामना शोधणे. पूर्वी आजोबा एकच बटण दाबत. गेल्या काही वर्षांचा हा प्रवास पाहा.

२०२२ मध्ये भारतीय संघ वेस्ट इंडीजला गेला. ते सामने मोठ्या खासगी क्रीडा वाहिन्यांवर नव्हते, ते दूरदर्शनवर आणि फॅनकोड नावाच्या ॲपवर होते. त्याच वर्षाअखेरीस न्यूझीलंडचा दौरा ॲमेझॉन प्राइम व्हिडिओवर गेला. त्याच सुमारास फुटबॉलचा विश्वचषक स्पोर्ट्स१८ या नव्या वाहिनीवर आला. २०२३ पासून मायदेशातले भारताचे सामनेही स्पोर्ट्स१८ कडे गेले, तर विश्वचषक स्टारकडे राहिला. २०२५ च्या उन्हाळ्यात इंग्लंडचा दौरा टीव्हीवर सोनीकडे होता आणि मोबाइलवर जिओहॉटस्टारकडे. सप्टेंबरमधला आशिया चषक पुन्हा सोनीकडे. मधल्या काळात स्पोर्ट्स१८ हे नाव स्टार स्पोर्ट्समध्ये विरून गेले.

म्हणजे ज्या घराने इमानेइतबारे स्टारचा पॅक घेतला होता, त्यालाही मालिका सुरू होण्याच्या सकाळी फोन करून विचारावे लागते, "भाऊ, आज कुठल्या नंबरवर आहे?" पॅक बदलला की जुना बंद करायला विसरतो आणि दोन्हींचे पैसे जात राहतात. तरुण मुले हा गुंता सोडवतात. साठी ओलांडलेले अब्बा, घरी असणारी खाला, ज्यांना ॲप, पासवर्ड आणि ओटीपी जमत नाही, ते मुकाट्याने बाजूला होतात. ही मंडळी खेळाची सर्वांत जुनी आणि सर्वांत निष्ठावान प्रेक्षक होती. त्यांनी कुठे तक्रार केली नाही, म्हणून त्यांचे जाणे कुणाच्या ध्यानातही आले नाही.

हवा सर्वांची, सामना कुणाचा?

खेळाचे प्रक्षेपण ही निव्वळ दुकानदारी आहे का? या प्रश्नाला आपल्या देशात एक मोठे उत्तर मिळालेले आहे आणि त्यात एका मराठी न्यायमूर्तींचा मोठा वाटा आहे. १९९३ च्या हिरो कप स्पर्धेचे हक्क बंगालच्या क्रिकेट संघटनेने परदेशी कंपनीला विकले. त्यावरून दूरदर्शनशी भांडण झाले आणि ते सर्वोच्च न्यायालयात गेले. ९ फेब्रुवारी १९९५ च्या निकालात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी लिहिले त्याचा आशय असा, की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर जनतेच्या हिताने व्हायला हवा. सरकारची मक्तेदारी नको, तशी एखाद्या धनवानाचीही नको.

या निकालाने खासगी वाहिन्यांना दार उघडले. पुढे २००७ मध्ये संसदेने कायदा केला, की राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे चित्रण खासगी वाहिनीने प्रसार भारतीला द्यावे. जाहिरातींच्या उत्पन्नातला किमान पंचाहत्तर टक्के वाटा हक्कधारकाला आणि उरलेला प्रसार भारतीला. हेतू हाच, की गरिबाच्या घरातही भारताचा सामना दिसावा.

पण २२ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने याच कायद्याचा अर्थ स्पष्ट केला. हे चित्रण दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपणावर आणि स्वतःच्या डिशवर, म्हणजे डीडी फ्री डिशवर दाखवता येईल. खासगी केबलवर आणि खासगी डिशवर दिसणाऱ्या दूरदर्शनवर नाही. तेव्हापासून एक विचित्र स्थिती आहे. महिन्याला पैसे भरणाऱ्या घरात दूरदर्शन लावले तर सामन्याऐवजी दुसराच कार्यक्रम दिसतो. शेजारी, एकदाच छत्री बसवून पुन्हा कधी रिचार्ज न करणाऱ्याच्या घरी त्याच दूरदर्शनवर भारताचा सामना चालू असतो. छपरावरच्या साध्या अँटेनाचा मार्गही उरला नाही, कारण ती जुनी प्रक्षेपण केंद्रे २०२२ पर्यंत बहुतेक बंद झाली.

फ्री डिश आज देशात चार कोटींहून अधिक घरांत आहे, आणि ही संख्या वाढण्यामागे हे एक कारण आहे. मात्र आयपीएल या सक्तीच्या यादीत नाही, हेही लक्षात ठेवावे. ती खासगी लीग समजली जाते.

चारचौघांत पाहण्यासारखे

कुटुंबात बसून सामना पाहायचा तर आणखी एक अडचण उभी राहिली. षटक संपले की जाहिरात, गडी बाद झाला की जाहिरात. आयपीएलच्या एका सामन्यात अडीच-अडीच मिनिटांचे चार टाइमआउट, म्हणजे दहा मिनिटे केवळ त्यासाठीच. जाहिरातीही कशाच्या? सोड्याच्या नावाने दारूच्या, वेलचीच्या नावाने गुटख्याच्या, आणि गेली काही वर्षे संघ बनवून पैसे लावायच्या ॲपच्या.

ड्रीम११ हे २०२० च्या आयपीएलचे मुख्य प्रायोजक होते. पुढे भारतीय संघाच्या जर्सीवर त्याचे नाव आले. आवडता खेळाडू स्वतः पडद्यावर येऊन सांगतो, की थोडे पैसे लावा आणि करोडपती व्हा. आपल्या घरात मैसिर, म्हणजे जुगार, काय आहे हे मुलाला लहानपणापासून शिकवले जाते. कुरआनच्या सूरह अल्-माइदामध्ये त्याचे नाव दारूच्या शेजारी आले आहे. तो मुलगा बापाला विचारतो, "अब्बा, मग हे टीव्हीवर कसे चालते?" बापाकडे उत्तर नसते, तो रिमोट शोधतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने ऑनलाइन गेमिंगचा कायदा करून पैसे लावण्याच्या खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी आणली. ड्रीम११ ने जर्सीवरचे नावही काढले. हे चांगले झाले. पण पाच-सहा वर्षे रोज संध्याकाळी घरात आलेली ती शिकवण मुलांच्या डोक्यातून एका दिवसात जाणार नाही.

वेळेचेही तसेच. आयपीएलचा सामना साडेसातला सुरू होतो आणि अकरा-साडेअकराला संपतो. सकाळच्या पहिल्या तासाला कोणता विद्यार्थी कितव्या षटकापर्यंत जागा होता, हे आम्हा शिक्षकांना त्याच्या डोळ्यांवरून सांगता येते. २०२२ ते २०२४ या वर्षांत रमजान आणि आयपीएल एकमेकांत आले. तेव्हा अनेक घरांनी इफ्तार आणि तरावीहच्या वेळेला टीव्ही बंद ठेवायचा म्हणून पॅकच घेतला नाही, आणि ईदनंतरही तो पुन्हा सुरू करावासा वाटला नाही.

आपली बोली, आपली माणसे

विजय हजारे यांचा जन्म सांगलीचा, ११ मार्च १९१५ चा. स्मृती मानधना माधवनगरला वाढली. विश्रामबागच्या मुलींना तिच्या घराची वाट ठाऊक आहे. पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा मार्च २०२३ मध्ये सांगलीतच झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. कवठेपिरानच्या मारुती मानेंचे नाव अजून तालमींत घेतले जाते. एवढ्या खेळवेड्या मुलखाला क्रीडा वाहिनीवर स्वतःची भाषा मात्र नीट मिळाली नाही.

तमिळसाठी २०१७ मध्ये आणि कन्नड-तेलुगूसाठी २०१८ मध्ये स्वतंत्र क्रीडा वाहिन्या आल्या. सीमेपलीकडच्या अथणी-चिकोडीच्या पाहुण्यांना त्यांच्या भाषेत सामना ऐकायला मिळू लागला. आपल्याला बहुतेक वेळा हिंदीवर भागवावे लागले. आयपीएलचे मराठी समालोचन ठळकपणे मिळाले ते २०२३ मध्ये, जिओसिनेमाच्या बारा भाषांपैकी एक म्हणून, आणि तेही मोबाइलवर. मराठी हवी असणाऱ्या प्रेक्षकाला ॲपची वाट खुद्द प्रक्षेपकांनीच दाखवली.

आणि खेळ कोणता? वर्षभर क्रिकेट. २६ जुलै २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा गावोगावी आनंद झाला, कारण मातीतला खेळ पहिल्यांदा झगमगाटात आला होता. तिच्या जोडीला फार काही उभे राहिले नाही. शेजारच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालीम-मंडळांच्या फुटबॉलला हजारोंची गर्दी होते. तो सामना पाहायला आपल्याकडची पोरे यूट्यूब उघडतात, क्रीडा वाहिनी लावत नाहीत. गावची कुस्ती, शाळेचा खो-खो, मुलींची कबड्डी, सगळे आता कुणाच्या तरी मोबाइलवरून थेट दिसते. चित्र हलते, आवाज फाटतो, पण माणसे ओळखीची असतात.

खेळ खिशात गेला

मोबाइलने भले केले नाही असे नाही. नोकरीवरचा माणूस जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटांचे क्षणचित्र पाहतो. मालिका की सामना, हे रोजचे भांडण मिटले. ज्या मुलीला हॉलमध्ये रिमोट कधीच मिळाला नाही, ती आता खोलीत बसून महिलांची प्रीमियर लीग पाहते. १७ मार्च २०२४ ला स्मृतीच्या नेतृत्वाखाली बंगळूरूने ती लीग जिंकली तेव्हा माझ्या वर्गातल्या मुलींना धावसंख्या मुलांपेक्षा अधिक पाठ होती.

पण काय गेले तेही पाहायला हवे. १४९ रुपयांचा तो पॅक एका वेळी एकाच मोबाइलवर चालतो. सहा माणसांच्या घरात सामना आता एकाचा असतो, सगळ्यांचा नसतो. दादा विचारतात, "किती झाले?" आणि नातू कानातले न काढता बोटांनी आकडा दाखवतो. एवढाच संवाद. ज्या सामन्याच्या निमित्ताने तीन पिढ्या एका खोलीत बसत, वाद घालत, गावस्कर मोठा की विराट यावर रुसत, ते निमित्त गेले.

याहून मोठा धोका फुकटच्या लिंकचा आहे. अधिकृत ॲपला पैसे पडू लागले की मुले व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवर आलेल्या लिंक उघडतात. २०२३ ची आयपीएल फेअरप्ले नावाच्या सट्टेबाजीच्या ॲपवर बेकायदा दाखवली गेल्याच्या तक्रारीवरून महाराष्ट्र सायबर पोलिसांनी गुन्हा नोंदवला होता. सामना हे आमिष आणि जुगार हा धंदा, असा तो मामला. टीव्हीवर जाहिरात आली तर निदान बापाला ती दिसत होती. मोबाइलवर मुलासमोर काय उघडले आहे हे घरातल्या कुणालाच दिसत नाही.

इतरांचा अनुभव

अमेरिकेत ईएसपीएन एके काळी दहा कोटी घरांत होती. लोकांनी केबल तोडायला सुरुवात केली आणि ती संख्या सात कोटींच्या खाली आली. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये ईएसपीएनने स्वतःच थेट ॲपवरून विक्री सुरू केली.

आपल्याला अधिक शिकण्यासारखी गोष्ट इंग्लंडची आहे. २००५ ची ॲशेस मालिका तिथे फुकट दिसणाऱ्या चॅनेल ४ वर झाली आणि अख्खा देश वेडा झाला. त्यानंतर इंग्लंडचे क्रिकेट पैसे भरून दिसणाऱ्या स्काय वाहिनीकडे गेले. मंडळाला पैसा मिळाला, पण मुलांची एक अख्खी पिढी घरात क्रिकेट न पाहता मोठी झाली, आणि ही चिंता तिथे उघडपणे बोलली जाऊ लागली. १४ जुलै २०१९ ला इंग्लंड विश्वचषकाचा अंतिम सामना खेळले, तेव्हा स्कायने तो सामना चॅनेल ४ लाही दाखवू दिला. त्यांचा संघ इतक्या वर्षांनी पहिल्यांदा फुकट टीव्हीवर थेट दिसला. दार कायमचे बंद ठेवून खेळ मोठा होत नाही, हे तिथल्या धंदेवाल्यांनाही त्या दिवसापुरते का होईना, मान्य करावे लागले.

घरापुरते काय करता येईल

मोठे निर्णय दिल्ली-मुंबईत होतील. आपल्या हातात घराचा हिसाब आहे. काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली, वर्षाचा पॅक घेऊ नका. मालिका जाहीर झाली की आधी ती कुठल्या वाहिनीवर आहे ते पाहा, त्या महिन्यापुरती ती एक वाहिनी सुटी घ्या आणि मालिका संपली की बंद करा. वाहिनी सुटी मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे. केबलवाला "पूर्ण पॅकच घ्यावा लागेल" म्हणाला तर त्याला छापील दर विचारा.

दुसरी, घरात बुजुर्ग असतील आणि त्यांना भारताचे सामनेच पाहायचे असतील, तर फ्री डिशचा विचार करा. एकदाच दीड-दोन हजारांचा खर्च, पुढे रिचार्ज नाही, आणि बटण एकच.

तिसरी, ॲपचीच वर्गणी भरायची असेल तर टीव्हीवर चालणारा पॅक घ्या, थोडा महाग पडला तरी. चार जणांनी चार मोबाइलवर डेटा जाळण्यापेक्षा एका पडद्यावर सगळ्यांनी पाहणे स्वस्तही आहे आणि बरकतीचेही. इशाच्या वेळेला तो पडदा बंद करणेही सोपे जाते.

चौथी, मुलांना स्पष्ट सांगा, की फुकटची लिंक उघडायची नाही. चुकून पैसे गेले तर मार खायच्या भीतीने लपवायचे नाही. १९३० हा सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा. जितक्या लवकर फोन, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

पाचवी, महिन्यातून एक संध्याकाळ मुलाला किंवा मुलीला घेऊन मैदानावर जा. शिवाजी स्टेडियम आहे, कॉलेजांची मैदाने आहेत, गावोगावच्या कबड्डीच्या स्पर्धा आहेत. तिथे मुलांना खेळ दिसतो आणि जाहिरात मधे येत नाही.

आणि एक मागणी आपण सगळ्यांनी करायला हवी, आपल्या खासदारांकडे, लेखी. २००७ चा कायदा केबल आणि खासगी डिशच्या ग्राहकांनाही लागू करा. राष्ट्रीय संघ, पुरुषांचा असो वा महिलांचा, खेळत असेल तेव्हा तो सामना दूरदर्शनवर प्रत्येक घराला दिसला पाहिजे, घर पैसे भरणारे असो वा नसो. स्मृती मानधना भारतासाठी बॅट घेऊन उतरते तेव्हा माधवनगरच्या एखाद्या दादीला ते पाहण्यासाठी नातवाकडे पासवर्ड मागावा लागू नये, एवढेच या मागणीत आहे.